दोन तास सत्तावन्न मिनिटं

मंगळवार, ९ तारीख. दुपारी चार.

भिंगरी,

वर आशीर्वाद लिहायचा हक्क मी नऊ वर्षांपूर्वी घालवला, म्हणून नुसतं नाव.

तू उतरलीस. बारा एकोणपन्नासला पडद्यावरचा तुझा ठिपका धावपट्टीवर थांबला. कोणीतरी पाण्याचा पेला हातात दिला, त्यातलं अर्धं शर्टावर गेलं.

तुला वाटेल, याला माझा ठिपका कुठून दिसला. सांगतो. आपल्या दोघांच्या कंपन्या एक झाल्याला अकरा महिने झाले. तुझ्या उड्डाणाच्या कागदाखाली नियोजकाची सही नसते, आकडा असतो. गेले अकरा महिने तुझ्या बहुतेक कागदांवर जो सात आहे, तो मी. दोन विमानतळांमधलं अंतर घ्यायचं, त्या दिवशीचा वारा घ्यायचा, किती वेळ लागेल ते काढायचं आणि त्या हिशेबाने इंधन चढवायला सांगायचं. आई अजून लोकांना सांगते की मोठा विमानतळावर गणितं करतो. चूक नाही तिची.

आजचं गणित चुकलं. बाराशे चाळीस मैल, कागदावर दोन तास सत्तावन्न मिनिटं. तुला तीन तास सोळा लागले. त्यात खाली कोणाच्या तरी विमानाचं टायर फुटून धावपट्टी अडलेली, शेजारचं विमानतळ वादळाने बंद. तेवीस मिनिटं तू वर घिरट्या घालत होतीस. त्या तेवीस मिनिटांत मी देवाला काय काय कबूल केलं ते इथे लिहीत नाही, त्यालाही आता पेच पडला असेल.

उतरलीस तेव्हा टाकीत अकरा मिनिटांचं इंधन होतं. तीसच्या खाली जायचं नसतं, हे मी तुला काय सांगणार. तुझ्यासकट एकशे एकोणपन्नास माणसं आणि अकरा मिनिटं.

वाऱ्याने दगा दिला, दुसरं काय! वाऱ्यापुढे कोणाचं चालतं? वैमानिकाचं काही चुकलं नाही आणि नियोजकाचंही नाही, असं इथे सगळे म्हणताहेत. मीही म्हणतो.

हे पत्र टाकेन की नाही, माहीत नाही.

दादा

गुरुवार, ११ तारीख.

भिंगरी,

तुला जमिनीवर बसवलं. आज वैमानिकांच्या यादीत तुझ्या नावापुढे लाल अक्षरांत होतं, चौकशी होईपर्यंत उड्डाण नाही. मी ती ओळ तीनदा वाचली.

समितीचा प्रश्न एकच आहे म्हणे. मधल्या विमानतळावरून जाताना तू कागदापेक्षा दहा-बारा मिनिटं मागे होतीस. खाली धावपट्टी मोकळी होती, इंधन मिळालं असतं. मग उतरली का नाही? मला उत्तर माहीत आहे. कागद सांगत होता की समोरचा वारा ताशी वीस मैलांचाच आहे. तुला वाटलं, हा जोर तेवढ्यापुरता असेल, पुढे पडेल. तू कागदावर विश्वास ठेवलास.

आता त्या सातव्याविषयी. तो तुला आवडत नाही हे मला ठाऊक आहे, कारण तुझी तक्रार माझ्याच टेबलावर आली होती. "सातव्या नियोजकाला कोणीतरी सांगा, आम्ही विमान उडवायला निघालोय, गोदाम हलवायला नाही." वाचून मी एवढ्याने हसलो की सगळे वळून बघायला लागले. नऊ वर्षांनी तुझा आवाज ऐकला होता.

पण तुझं खरं होतं. हवामानाच्या तक्त्यात समोरचा वारा वीसचा असला की मी साठ लिहायचो. रोज चाळीस वाढवून. तेवढ्याने वीस मिनिटांचं इंधन जादा चढायचं. जादा इंधनाचा वेगळा रकाना असतो, पण त्यात कारण द्यावं लागतं, आणि 'धाकटी बहीण वर आहे' हे कारण छापील यादीत नाही. आधी फक्त तुझ्या उड्डाणांना वाढवायचो, मग डोळ्यावर येऊ नये म्हणून सगळ्यांनाच. कंपनीने मला सरसकट भित्रा समजावं, पक्षपाती समजू नये.

तू आमच्या विभागात फोन करायचीस तेव्हा मी खोकायचो आणि फोन दुसऱ्याच्या हातात द्यायचो. तुला वाटत असेल, सातव्याला काय जुनाट दुखणं आहे!

मंगळवारी सकाळी आठला साहेबांनी आत बोलावलं. मुख्य नियोजक, फार बोलत नाहीत. म्हणाले, "सात नंबर, तुमच्याच पाळीत वारे एवढे जोरात कसे वाहतात हो? वैमानिक लेखी द्यायला लागलेत. पुन्हा दिसलं तर नोंदणी विभागात पाठवीन." नोंदणी विभाग तळघरात आहे. तिथून कोणाचाच ठिपका दिसत नाही.

म्हणून मंगळवारपासून वाढवणं बंद केलं. तुझा मंगळवारचा कागद तक्त्याप्रमाणेच होता. वीसचा तक्ता आहे माझ्याकडे, शिक्क्यासकट.

दादा

रविवार, १४ तारीख.

भिंगरी,

आत्ता तू आईशी फोनवर बोलत होतीस. दर रविवारप्रमाणे मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो. आईचा आवाज मोठा आहे, त्याला मी काय करू? तू तिला सांगितलंस की रजा घेतली आहे, कंटाळा आला होता. आई म्हणाली, "तुला आणि कंटाळा?" मग तू काहीतरी विनोद केला असशील, ती हसली.

फोन ठेवल्यावर तिने मला विचारलं, "तिच्या गावाला विमानाने किती वेळ लागतो रे? इथे मोबाइलवर दोन तास एकोणपन्नास मिनिटं दाखवतंय." मी म्हटलं, "तो आकडा वारा नसलेल्या जगातला आहे आई. सरळ रेघ मारायची, अंतराला वेगाने भागायचं." ती म्हणाली, "मग खरा किती?" मी म्हटलं, "रोज वेगळा." ती चष्मा काढून माझ्याकडे बघत राहिली. तिला कशाचा तरी वास आलाय.

तू चौदा वर्षांची असताना जिन्यात पडलीस, ते मला अजून पायरीसकट दिसतं. ताप उतरून दोन दिवस झाले होते. तू डोळे मिटून पडलेली, आई हाका मारतेय, आणि मी घड्याळाकडे बघतोय. तीन मिनिटं. डॉक्टर म्हणाले अशक्तपणा, खायला घाला, संपलं. माझ्यासाठी संपलं नाही. तू एकविसाव्या वर्षी वैमानिकाचा अर्ज भरलास, 'कधी शुद्ध हरपली होती का' या प्रश्नापुढे 'नाही' लिहिलंस, आणि मी आठवडाभर झोपलो नाही. मग वैद्यकीय मंडळाला पत्र लिहिलं, खाली नाव न घालता.

दोन वर्षं तुला तपासण्यांच्या रांगेत उभं केलं मी. सगळ्या तपासण्या स्वच्छ निघाल्या. मंडळाने त्या पत्राची नक्कल तुला दाखवली, आणि तू एका वाक्यात चोर पकडलास. त्यात 'तीन मिनिटं' लिहिलं होतं. आपल्या घरात मिनिटं मोजणारा माणूस एकच.

"तू माझा भाऊ नाहीस, पहारेकरी आहेस," असं म्हणून तू बॅग उचललीस. मला तेव्हा राग आला होता. चांगल्यासाठीच केलं होतं ना! आता मनात येतं, तुझ्यासाठी केलं होतं की माझी झोप मला परत मिळावी म्हणून?

आणि आता पुन्हा तुझा परवाना टांगलेला आहे. आणि दोरी कोणाच्या हातात आहे, ते मला एकट्याला माहीत आहे.

दादा

बुधवार, १७ तारीख.

भिंगरी,

मागच्या पत्रांत मी वाऱ्याला शिव्या घातल्या. वाऱ्याचा काही दोष नव्हता.

आठ तारखेला, सोमवारी संध्याकाळी घरी जाण्याआधी मी तुझ्या दुसऱ्या दिवशीच्या उड्डाणाचा कागद अर्धा तयार करून ठेवला. संध्याकाळच्या तक्त्यात वारा वीसचा होता. मी सवयीने साठ टाकला. रात्रपाळीला आमचा गोगलगाय असतो. खुर्चीपासून खिडकीपर्यंत जायला त्याला पाच मिनिटं लागतात, म्हणून हे नाव, पण कामात काटेकोर. पहाटे नवा तक्ता आला. वारा खरंच वाढला होता, साठ झाला होता. गोगलगायने माझा कागद उघडला, तिथे साठ होताच. बदलायला काही नव्हतं. त्याने शेजारी बरोबरची खूण केली, नवा तक्ता माझ्या टेबलावर ठेवला आणि घरी गेला.

आठला साहेबांनी झापलं. मी तोंड पाडून बाहेर आलो, तुझा कागद उघडला, साठ दिसला. म्हटलं, हा आपलाच कालचा साठ. आपलंच पाप. चाळीस काढले, वीस केला, आणि कागद तुझ्याकडे पाठवला. टेबलावरच्या नव्या तक्त्यावर माझा चहाचा कप होता.

जी वीस मिनिटं मी त्यात घातलीच नव्हती, ती मी काढून घेतली. जगात दुसऱ्या कोणाला ही चूक करता आली नसती. त्यासाठी आधी अकरा महिने खोटा वारा लिहावा लागतो.

मला हे त्या मंगळवारी संध्याकाळी कळलं. गोगलगाय कामावर आला आणि माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "काय अंदाज रे तुझा! पहाटे तक्ता आला तो साठचाच!" तोपर्यंत तू उतरून सहा तास झाले होते.

कागदोपत्री मी स्वच्छ आहे. संध्याकाळचा तक्ता नियमाने दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चालतो आणि त्यात वीसच आहे. तो वापरला म्हटलं की कोणी बोट दाखवू शकत नाही. मग बोट तुझ्याकडे वळतं.

मला भीती वाटते. लहानपणी वाटायची तशीच.

दादा

सोमवार, २२ तारीख.

भिंगरी,

उद्या चौकशी. आज जेवणाच्या सुट्टीत साहेबांनी दार लावून घेतलं. म्हणाले, "संध्याकाळचा तक्ता वापरला, एवढंच सांगा. विचारल्याशिवाय पुढे बोलू नका."

मी म्हटलं, "आणि वैमानिक?"

"त्या तरुण आहेत. वर्षभराने पुन्हा परीक्षा देतील, पुन्हा उडतील. तुमचा परवाना गेला तर या वयात नोकरी कोण देणार? घरी आई आहे ना तुमची?"

वाईट माणूस नाही तो. माझ्या खांद्यावर हात ठेवला होता त्याने. आणि खरं सांगू? त्या हाताखाली मला क्षणभर फार बरं वाटलं. इतकं सोपं होतं. एक वाक्य, तेही खोटं नाही. तसा तक्ता होताच की.

घरी आलो, आईने ताट वाढलं, मी नुसता भात चिवडत बसलो. ती म्हणाली, "काय केलंस?" काय झालं असं नाही विचारलं. काय केलंस! आईच ती. मी म्हटलं, उद्या सांगतो.

भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. माझ्या पाठीमागे दोन आहेत. खरं बोललो तर बावीस वर्षांची नोकरी जाते. नाही बोललो तर दुसऱ्यांदा तुझे पंख मी कापतो, आणि या वेळीही नाव न घालता. उद्या आत गेल्यावर कोणता पुढे येईल, मला आत्ता सांगता येत नाही. शर्ट इस्त्री करून ठेवलाय. एवढंच नक्की आहे.

दादा

बुधवार, २४ तारीख. सकाळ.

भिंगरी,

काल तू मला बघून आधी दाराकडे पाहिलंस. चुकीचा माणूस आत सोडला असं वाटलं असेल. मग अध्यक्षांनी विचारलं, "आपण कोण?" आणि मी म्हटलं, "नियोजक क्रमांक सात." तुझ्या हातातलं पेन तसंच राहिलं.

तुझ्याकडे बघत बोललो असतो तर जमलं नसतं. पाण्याच्या जगकडे बघत बोललो. अकरा महिन्यांचे खोटे वारे, साठ, खूण, चहाचा कप, सगळं. साहेब मान खाली घालून बसले होते. साक्षीला बोलावलेल्या गोगलगायला अध्यक्षांनी विचारलं, "तुम्ही यांना हे कधी सांगितलं?" तो म्हणाला, "संध्याकाळी, कामावर आल्यावर."

बाहेर व्हरांड्यात तू माझ्यामागे आलीस.

"तो गोदामवाला तू होतास?"

"हो."

"अकरा महिने?"

"हो."

"आणि फोनवर खोकायचा तो?"

"तोही मीच."

तू भिंतीला टेकलीस. हसतेयस की रडतेयस ते मला कळेना, बहुतेक तुलाही कळत नव्हतं. मग म्हणालीस, "दादा, या वेळी नाव सांगून बोललास." नऊ वर्षांनी 'दादा' म्हणालीस. आणि जाता जाता म्हणालीस, "रविवारी घरी येते. आईला सांगू नकोस, एकदम दारात उभी राहते." मी मान हलवली. तू दुपारच्या विमानाने परत गेलीस.

तुझा परवाना शुक्रवारी परत देणार, असं आज सकाळी कळलं. म्हणजे इथे पत्र संपवता आलं असतं.

पण सतरा तारखेच्या पत्रात मी लिहिलं की मला संध्याकाळी कळलं. कालही खोलीत तेच चालू दिलं. मला वाचवायला गोगलगायने तसं सांगितलं आणि मी गप्प राहिलो. ते खोटं आहे.

त्याचा फोन नऊ तारखेला, मंगळवारी सकाळीच, दहा पन्नासला आला. घरी पोचून, झोप काढायच्या आधी, खास माझं कौतुक करायला त्याने फोन केला होता. "काय अंदाज रे तुझा!" ते तो तेव्हा म्हणाला. तू निघून एक तास चाळीस मिनिटं झाली होती. मी कप बाजूला केला, नवा तक्ता बघितला, आणि पाचावर धारण बसली म्हणजे काय ते मला त्या वेळी समजलं. मधलं विमानतळ तुझ्यापासून अठरा मिनिटांवर होतं.

संदेशाचं यंत्र माझ्या उजव्या हाताला असतं. दोन ओळी टाकल्या की तुझ्यासमोर कागद निघतो. मी टाइप केलं, 'वारा चुकीचा दिला आहे, मध्ये उतरून इंधन घ्या'. आणि पुसलं. पुन्हा टाइप केलं. पुन्हा पुसलं. अशी अठरा मिनिटं गेली. अकरा वाजून आठ मिनिटांनी तुझा ठिपका त्या विमानतळावरून पुढे सरकला आणि मी हात मांडीवर ठेवले.

का? नोकरीची भीती होती, ती तर होतीच. पण पहिला विचार तो नव्हता. पहिला विचार हा होता की तू तो कागद वाचून म्हणशील, सातवा पुन्हा घाबरला. मला एकदा तरी तुझ्यासमोर न घाबरलेला दिसायचं होतं. मनाची समजूत घातली, पुढे वारा पडेल, धावपट्टी मोकळी असेल, राखीव इंधन आहे, कोणाला कळणारही नाही. आयुष्यभर नको तिथे घाबरलो आणि जिथे घाबरायला हवं होतं तिथे शहाणपणा केला. दीडशे माणसांच्या जिवावर.

हे सगळं आज सकाळी समितीला लिहून दिलं, सहीसकट. आधी गोगलगायच्या घरी गेलो, कारण त्यात तोही खोटा ठरतो. त्याने दार उघडायला नेहमीप्रमाणे वेळ लावला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "लिही. मला रोज रात्री त्या खुर्चीत बसायचंय." माझं काय होईल ते होईल. टेबल आजच रिकामं करून आलो.

सगळी पत्रं एकाच पाकिटात घालतोय. सतरा तारखेचं फाडून टाकावं असं वाटलं होतं, फाडलं नाही. पाकीट शुक्रवारी पोचेल. म्हणजे रविवारच्या आधी तुझ्याकडे पूर्ण दोन दिवस आहेत.

येऊ नये असं वाटलं तर येऊ नकोस, कारणही कळवू नकोस. मी वाट बघणार नाही असं लिहिणार होतो, पण आता खोटं लिहायचं नाही. रविवारी सकाळपासून दाराकडे बघत बसणार आहे आणि मला फार भीती वाटणार आहे. आईला मी काही बोललेलो नाही. त्यामुळे तू आली नाहीस, तर ते मला एकट्यालाच कळेल.

दादा